पदवी देणाऱ्यांना खुले पत्र

तिरोडा, जि. गोंदिया

प्रति,
मा. कुलसचिव व परीक्षा नियंत्रक, महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे,
तसेच मा. रजिस्ट्रार, राज्यातील वैद्यक, परिचर्या, दंत व औषधनिर्माण परिषदा यांस



नागपूरहून गोंदियाकडे निघालेली गाडी तुमसर रोड सोडते, मुंडीकोटा मागे पडते आणि तिरोडा येते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, अधूनमधून राईस मिल आणि दूरवर औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या. ६६० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॉट वीज या तालुक्यात तयार होते. अशा गावातून नर्स, इंजिनिअर, फार्मासिस्ट, डॉक्टर होऊन बाहेर पडणारी मुले आता दुबई, मँचेस्टर, टोरांटो, स्टुटगार्ट अशी नावे सहज घेतात. तिथे पोचल्यावर त्यांना आपला पेशा पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. तो उभा राहणार की नाही, हे बऱ्याचदा आपल्या टेबलावर पडून असलेल्या एका कागदावर ठरते. म्हणून हे पत्र परदेशातल्या कुणाला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

पेशा नव्याने उभा करणे म्हणजे काय, ते आधी मांडू द्या. १९७५ पर्यंत भारतातली वैद्यकीय पदवी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलला थेट मान्य होती. ती मान्यता गेली आणि तेव्हापासून इथल्या डॉक्टरला तिथे परीक्षा द्यावी लागते. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. तिथून शिकून निघालेल्या डॉक्टरला ब्रिटनमध्ये काम करायचे असेल, तर सहसा प्लॅब या परीक्षेचे दोन भाग पार करावे लागतात आणि दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो. अमेरिकेत वाट आणखी लांब आहे. इथे एमडी होऊन दहा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या डॉक्टरलाही यूएसएमएलईच्या परीक्षा देऊन पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते, तीही नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांच्या रांगेत उभे राहून. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून परदेशी प्रशिक्षित डॉक्टरांसाठी पुन्हा रेसिडेन्सी करण्याची अट सैल करायचे ठरवले, त्यानंतर इतर काही राज्यांनीही तसे पाऊल उचलले. तरी बहुतेकांसाठी जुनीच वाट आहे.

इंजिनिअरांची गोष्ट कमी बोलली जाते. तिरोड्यात सुपरक्रिटिकल बॉयलरवर पाळी करणाऱ्या माणसाने महाराष्ट्राच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा दिलेली असते. उसना तांदूळ करणाऱ्या राईस मिलमध्ये तूस जाळून वाफ धरणाऱ्या छोट्या बॉयलरवरही प्रमाणित अटेंडंट लागतो. वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी यांचे शास्त्र सगळ्या जगात एकच आहे. पण कॅनडात बॉयलर चालवणाऱ्यांच्या परवान्याच्या चढत्या श्रेण्या आहेत. ६६० मेगावॉटच्या संचावर काम केलेल्या माणसाला तिथे चौथ्या श्रेणीची पुस्तके घेऊन बसण्याची पाळी येऊ शकते. चाळिशीत, घरभाडे भरत, मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळत.

ही अतिशयोक्ती वाटू नये म्हणून एक दाखला. कॅनडाच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्यासाठी २०१२ मध्ये एक अभ्यास झाला, २००६ च्या जनगणनेतल्या टॅक्सीचालकांचा. देशातले सुमारे निम्मे टॅक्सीचालक स्थलांतरित होते. त्यांतल्या कित्येकांकडे वैद्यकीय पदवी किंवा पीएच.डी. होती. टॅक्सी चालवणे हे कष्टाचे आणि सन्मानाचे काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या माणसाला डॉक्टर करायला समाजाने वर्षे आणि पैसा घातला, त्याचे ज्ञान कुठेच वापरले जात नसेल, तर ते नुकसान दोन्ही देशांचे आहे.

तिकडच्या नियमांना आपण जबाबदार नाही, हे मान्य. ते नियम बदलतातही. ऑन्टॅरिओ प्रांतात इंजिनिअरचा परवाना हवा तर चार वर्षांच्या अनुभवापैकी किमान एक वर्ष कॅनडातला असावा लागे. परवाना नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून तो अनुभव नाही, या फेऱ्यात हजारो माणसे अडकली. प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये अशी अट वरवर पाहता भेदभाव ठरते असे धोरण जाहीर केले. २०२१ मध्ये त्याबाबत कायदा झाला आणि मे २०२३ मध्ये तिथल्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने ती अट काढून टाकली. माणसांनी तक्रारी केल्या, आयोगाने ऐकल्या, कायदेमंडळाने कायदा केला. याला दहा वर्षे लागली. आपल्याकडच्या अटी बदलायला कायदेमंडळाचीही गरज नाही. त्यातल्या बऱ्याचशा एका परिपत्रकाने बदलता येतील.

इथे विदर्भातल्याच एका माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्धा जिल्ह्यातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देश सोडून गेले, जपानमार्गे अमेरिकेत पोचले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठीच्या गदर चळवळीत पडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराण, नंतर बर्लिन, मॉस्को असा प्रवास करून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले. भाषा परकी, हातात पैसा नाही, ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव. अशा माणसाला चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला मिळाले. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले, छायाचित्रकार टिना मोदोत्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी चापिंगोला जाऊन त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले.

खानखोज्यांची बुद्धी आणि चिकाटी असामान्य होती. पण मेक्सिकोत दार उघडले ते ओळखीमुळे. रामोन दे नेग्री नावाचे मेक्सिकन मुत्सद्दी त्यांना अमेरिकेतच भेटले होते. पुढे ते मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले आणि या माणसाला काय येते हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. तिरोड्याहून निघालेल्या नर्सला परदेशात कोणी दे नेग्री ओळखत नाही. तिच्याबद्दल बोलायचे काम तिच्या कागदाला करावे लागते. ट्रान्सक्रिप्ट, अभ्यासक्रमाची प्रत, नोंदणीचा दाखला हे सगळे मिळून परक्या देशातल्या अधिकाऱ्याला सांगतात की ही बाई कोण आहे, ती काय शिकली, किती तास शिकली आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही. ही साक्ष आपल्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही. ती देण्यात होणारी दिरंगाई तिथे त्या माणसाच्याच विरुद्ध वाचली जाते.

आता तक्रारी.

ट्रान्सक्रिप्ट मिळायला लागणारा वेळ ही सर्वांत मोठी. मूल्यमापन करणाऱ्या परदेशी संस्थांना विद्यार्थ्याच्या हातातली मार्कशीट चालत नाही. विद्यापीठाने सीलबंद लिफाफा थेट पाठवावा किंवा स्वतःच्या यंत्रणेतून ती प्रत द्यावी, असा त्यांचा नियम असतो. टोरांटोत बसलेला मुलगा हे काम करू शकत नाही. मग तिरोड्यातले वडील ऐन रोवणीच्या दिवसांत एक दिवस मोडून शंभर किलोमीटरवरच्या नागपूरला जातात. खिडकीवर कळते की अर्ज ऑनलाइन करायचा होता, किंवा ऑनलाइन केला असला तरी प्रत छापून आणायची होती, किंवा आधी महाविद्यालयाचे पत्र हवे होते. वैद्यकीय व नर्सिंग पदव्यांचे काम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, म्हणजे पूर्व टोकावरच्या या तालुक्याला सगळे राज्य ओलांडून जायचे. परिषदांची कार्यालये मुंबईत. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचवते, पण मुंबईत गेल्यावर ‘पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागले तर त्या माणसाने काय करायचे?

ऑनलाइन अर्ज सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ज्या कार्यालयांनी ते नीट चालवले त्यांचे आभार मानायलाच हवेत. परंतु अर्ज स्वीकारला जाणे आणि काम होणे यांच्या मध्ये काय चालले आहे, हे अर्जदाराला दिसत नाही. एवढे जरी दिसू लागले, तरी शेकडो फेऱ्या वाचतील.

दुसरी गोष्ट पडताळणीच्या ईमेलची. आखाती देशांत आरोग्यक्षेत्रात परवाना हवा असेल तर डेटाफ्लोसारखी संस्था मूळ विद्यापीठाला आणि मूळ परिषदेला विचारणा करते: ही पदवी तुम्हीच दिली का, ही नोंदणी तुमचीच का? हो किंवा नाही, एवढेच उत्तर हवे असते. ते आले नाही, तर अहवालात पडताळणी होऊ शकली नाही असा शेरा पडतो. पदवी खरी, माणूस खरा, काम खरे. तरीही परवाना लांबतो. कित्येकदा कारण इतकेच असते की वेबसाइटवर दिलेला ईमेल पत्ता कोणी उघडत नाही, किंवा तो सांभाळणारा कर्मचारी बदलून गेला आहे. प्रत्येक विद्यापीठाने आणि परिषदेने परदेशी पडताळणीसाठी एक स्वतंत्र पत्ता, एक जबाबदार अधिकारी आणि उत्तराची ठरलेली मुदत जाहीर करावी, ही विनंती आहे.

तिसरी अडचण नावांची, आणि तिचा सगळा भार स्त्रियांवर पडतो. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव येते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, बाकी सगळे दुसऱ्या ओळीत. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि आडनाव चढते, परिषदेच्या नोंदणीत माहेरचे राहते. परदेशातला अधिकारी या तीन कागदांवर तीन बायका बघतो. मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि त्यांची भाषांतरे. हा प्रश्न मुलींनी नाव बदलू नये असा उपदेश करून सुटणार नाही. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्टसोबतच, जुन्या व नव्या नावाची व्यक्ती एकच आहे असा ठरावीक नमुन्यातला दाखला द्यावा आणि परिषदेने नोंदणीत दोन्ही नावे दाखवावीत. अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीमागे एच-४ व्हिसावर गेलेल्या उच्चशिक्षित बायकांना २०१५ पर्यंत कामाची मुभाच नव्हती, आणि आजही ती सगळ्यांना नाही. इतकी वर्षे थांबून कामाची परवानगी हातात आलेल्या बाईचे पाऊल नावातल्या फरकाने अडावे, हे मनाला लागते.

विद्यापीठांचीही नावे बदलतात. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. गडचिरोली व चंद्रपूरची महाविद्यालये २०११ मध्ये नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. आरोग्यशिक्षण १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या विद्यापीठाखाली आले. हे बदल योग्य कारणांनी झाले. पण १९९५ ची पदवी घेऊन परदेशात पोचलेल्या माणसाला, पदवीवरची संस्था आणि आज पत्र पाठवणारी संस्था एकच आहे किंवा तिची वारस आहे, हे स्वतःच पटवून द्यावे लागते. वेबसाइटवर इंग्रजीत एका पानाचे स्पष्टीकरण, सही-शिक्क्यानिशी, एवढे पुरेसे होईल.

आणि अभ्यासक्रम. या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण राज्य शासनाने स्वतः तो तातडीचा केला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट ठेवले गेले. जाण्याच्या गोष्टी झाल्या, जर्मन भाषेच्या वर्गांच्या घोषणा झाल्या. पण जर्मनीत नर्सला बी-२ पातळीची भाषा येऊन भागत नाही. तिथले राज्य तिचे शिक्षण आपल्या शिक्षणाशी विषयवार, तासवार ताडून पाहते. सिद्धान्ताचे किती तास, प्रत्यक्ष कामाचे किती, बालरुग्ण विभागात किती, मनोरुग्ण विभागात किती. तफावत दिसली तर काय कमी पडते याचा लेखी निर्णय येतो, आणि मग जुळवणीचा अभ्यासक्रम किंवा ज्ञानाची परीक्षा यांपैकी एक पार पाडावी लागते. तोवर ती सहाय्यक म्हणून, कमी पगारावर काम करते. आपल्याकडून तासांचा तपशील अपुरा गेला, तर जे तिने खरोखर शिकलेले आहे तेही ‘शिकलेले नाही’ असे धरले जाते. दहा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झालेले असतात. प्रत्येक वर्षाचा, प्रत्येक अभ्यासक्रमाचा तासांसह तपशील विद्यापीठाने प्रमाणित करून खुला ठेवावा. हे काम एकदाच करायचे आहे आणि त्याचा उपयोग त्या वर्षीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला होईल.

केरळने हे फार आधी ओळखले. तिथे परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र खाते झाले. त्याची नोर्का रूट्स ही संस्था प्रमाणपत्रांचे साक्षांकन करून देते, आणि तिने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी नर्सेससाठी थेट करार केला. केरळच्या मुली तिरोड्याच्या मुलींपेक्षा जास्त हुशार आहेत असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यामागे कागद वेळेवर पोचवणारी यंत्रणा उभी आहे, इतकाच फरक आहे.

वेळेचा हिशेब आपण लक्षात घ्यावा, ही कळकळीची विनंती. आरोग्यक्षेत्रातल्या अनेक नियामक संस्था अलीकडच्या काळात प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा मागतात. कागदासाठी एक वर्ष गेले, त्यात भाषेच्या परीक्षेची मुदत संपली, ती पुन्हा दिली, तोवर शेवटच्या नोकरीला आणखी काळ लोटला, अशी साखळी तयार होते. आपल्या कार्यालयात जी फाईल ‘प्रलंबित’ असते, तिच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आपल्या कामापासून दर महिन्याला थोडा दूर जात असतो.

एजंटांचा उल्लेख टाळता येत नाही. माहितीची जागा रिकामी राहिली की तिथे ते उभे राहतात. ‘ट्रान्सक्रिप्ट काढून देऊ’ म्हणणाऱ्या पाट्या विद्यापीठांच्या आसपास का चालतात, याचा विचार आपणच करावा. विद्यार्थ्याला अंतिम वर्षातच कळायला हवे की कोणत्या देशात कोणती पदवी कोणत्या पातळीवर मोजली जाते, एएनएमच्या (सहाय्यक परिचारिकेच्या) शिक्षणावर परदेशात नर्स म्हणून नोंदणी मिळेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि परदेशी पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते तपासावे. यासाठी महाविद्यालयात वर्षातून दोन तासांचे व्याख्यान पुरते.

एक प्रामाणिक प्रश्न आपल्या बाजूनेही विचारला जाईल: शिकवून तयार केलेली माणसे बाहेर पाठवायला विद्यापीठाने आपली शक्ती का खर्चावी? गोंदियाच्या दवाखान्यांना नर्स आणि डॉक्टर हवेतच, हे कोणी नाकारत नाही. पण कागद अडवून कोणी थांबत नाही. माणूस जातो, आणि तिकडे आपल्या शिक्षणापेक्षा खालचे काम करत राहतो. त्यातून ना गोंदियाला नर्स मिळते, ना तिला तिचा पेशा. शिवाय परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्या डॉक्टरांकडून आपणही २००२ पासून परीक्षा घेतो. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ती घ्यायलाच हवी. मग त्या मुलांचे कागद आणि नोंदणी यांत आपण त्यांना कसे वागवतो, तेही याच निमित्ताने पाहिले जावे.

महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते. ट्रान्सक्रिप्ट, परदेशी पडताळणीचे उत्तर, नोंदणी चालू असल्याचा व कारवाई नसल्याचा दाखला, या तिन्ही सेवा प्रत्येक संस्थेने या कायद्याखाली मुदतीसह आणाव्यात. जिथे त्या आधीच आणल्या आहेत, तिथे मुदत आणि अपील अधिकाऱ्याचे नाव खिडकीवर ठळक लावावे. वर्षातून दोनदा गोंदियाला, जमल्यास तिरोड्यालाही, शिबिर घेऊन अर्ज तिथेच स्वीकारावेत.

शेवटची मागणी सर्वांत सोपी आहे. युरोपातल्या शिक्षणमंत्र्यांनी २००३ मध्ये बर्लिनला ठरवले की २००५ पासून प्रत्येक पदवीधराला पदवीसोबत एक पुरवणी आपोआप आणि विनामूल्य द्यायची. तिच्यात तो काय शिकला, कोणत्या पातळीवर शिकला, त्या देशाची शिक्षणव्यवस्था कशी आहे, हे सगळे एका ठरलेल्या नमुन्यात असते. आपल्या येत्या दीक्षान्त समारंभापासून पदवीच्या फोल्डरमध्ये ट्रान्सक्रिप्ट, तासांसह अभ्यासक्रम आणि पडताळणीचा ईमेल पत्ता असलेली अशी पुरवणी घालावी. नर्सिंग आणि इंजिनिअरिंगपासून सुरुवात करावी, कारण तिथली मागणी आज सर्वांत जास्त आहे. जुन्या विद्यार्थ्यांसाठी १९९८ पासूनच्या आरोग्य पदव्यांचे अभ्यासक्रम आधी खुले करावेत, त्यामागून बाकीचे.

यांपैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे आपण लेखी कळवावे. उत्तर तिरोडा तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावण्याची व्यवस्था इथले नागरिक करतील.

कळावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
तिरोड्याहून एक पत्रलेखक